पाळण्यातून आलेली टकटक

हे घडलं तेव्हा मी शुद्धीत होते, जागी होते आणि दारूच्या थेंबाला मी जन्मात हात लावलेला नाही. तरीही कुणाला ही थाप वाटत असेल, तर त्याने मे महिन्यात माझ्या फाटकाशी येऊन उभं राहावं. मग बोलावं.

स्लोकन खोऱ्याच्या वरच्या टोकाला डांबरी रस्ता संपतो, तिथे माझं घर. घरापुढे फाटक. फाटकापलीकडे डोंगर.

गेल्या वर्षीचा मे.

आदल्या रात्री बर्फ गोठला नव्हता. तिथूनच सगळं सुरू झालं.

खाली सफरचंदाला कळ्या आल्या तरी वर पुरुषभर बर्फ असतो. रात्रीत गोठला तर दगड होतो. सकाळी त्यावरून बर्फगाड्या बिनघोर पळतात. नाही गोठला, तर उन्हं चढली की अख्खा उतार सुटून खाली येतो. म्हणून आमच्या घरात एक रीत आहे. पहाटे गोठ्यामागच्या बर्फावर टाच मारायची. वाजली तर जायचं. रुतली तर घरात बसायचं.

त्या पहाटे माझी टाच घोट्यापर्यंत रुतली.

"ल्युबा, आज नाही."

"अगं आजी, वर गोठलाय. हे बघ, फोनवर उणे तीन दाखवतंय."

"फोनला टाच आहे का?"

तिचा नवरा ट्रेवर दात काढून हसला. "आजी, ऊन तापायच्या आत परत येतो. बोर्श्तचं सूप गरम ठेवा."

"जावईबापू, तुम्हाला नात दिली ती बोर्श्त ओरपायला नाही. जशी नेताय तशी परत आणा."

ल्युबा माझ्या ग्रिशाची मुलगी. ग्रिशा माझा एकुलता एक. वर एक खोलगट उतार आहे, तिन्ही बाजूंनी कडे. त्याला आम्ही पाळणा म्हणतो. ल्युबा लहान असताना, अशाच एका मे महिन्यात, ग्रिशा बर्फगाडी घेऊन पाळण्यात गेला. वरून बर्फ सुटला. उन्हाळ्यात सगळं वितळल्यावर माझा मुलगा सापडला. छातीवरचं यंत्र मात्र सापडलं नाही. पट्टा तुटला होता.

त्यानंतर ल्युबाला मी वाढवलं. मला दुसरं कुणी नाही. हे त्या पोरीला पक्कं ठाऊक आहे, तरी ऐकेल तर शपथ. बापावर गेलीय.

ते यंत्र म्हणजे बीकन. वर जाणारा प्रत्येकजण छातीला बांधतो. बर्फाखाली गाडले गेलात तर दुसऱ्याच्या हातातल्या बीकनमध्ये तुमचं 'पिप पिप' ऐकू येतं, मग त्या अंदाजाने खणायचं. निघताना ते चालू आहे ना, हे फाटकाशी तपासतात. एकाने ऐकत उभं राहायचं, बाकीच्यांनी एकेक करून समोरून जायचं.

ऐकायचं काम माझं.

ल्युबा गेली. पिप.

ट्रेवर गेला. पिप.

मी फाटक लावायला वळले…

पिप.

समोर कुणी नव्हतं.

पिप… पिप… आवाज जवळ आला. माझ्या अंगावरून गेला म्हणा ना. मग हळूहळू लांब. त्या दोघांच्या मागोमाग. डोंगराकडे.

"ल्युबा! थांब! तुमच्या मागे कुणीतरी आहे!"

तिने मान वळवली. "आजी, यंत्र म्हातारं झालंय. तुझ्यासारखं!"

गाड्या गेल्या. मी बीकन उलटंसुलटं करून पाहिलं. त्यात काही बिघाड नव्हता.

मी वॉकीटॉकी घेऊन खिडकीत बसले. बाहेर ऊन चढत होतं, पागोळ्या गळत होत्या. आमचा बुरान, अस्वलावर धावून जाणारा कुत्रा, ओसरीखाली जाऊन बसला. हाक मारली तर बाहेर येईना.

मग पागोळ्या थांबल्या.

ऊन तेवढंच होतं. छपरावरचा बर्फ वितळत होता, हे डोळ्यांनी दिसत होतं. पण थेंबाचा आवाज नाही. पाखराचा नाही. घरात घड्याळ आहे, त्याचाही नाही…

वॉकीटॉकी खरखरली.

"आजी, आम्ही पाळण्याच्या कडेला आहोत. कुणीतरी आमच्या आधी गेलंय. ताजा माग आहे, उताराच्या मधोमध. ट्रेवर म्हणतो तो गेला तर आपणही जाऊ."

"पोरी, पहाटेपासून फाटकातून तुमच्याशिवाय कुणी गेलेलं नाही."



"आजी… माग अरुंद आहे. जुन्या गाडीचा असतो तसा. वर गेलाय. उतरलेला दिसत नाही."

"मागे फिर! आत्ताच्या आत्ता!"

पण तिचं बटण दाबलेलं होतं. माझा आवाज तिला पोचलाच नाही. इंजिन गुरगुरताना ऐकू येत होतं, मागून ट्रेवर म्हणत होता, "चल ना, एवढं काय त्यात!"

आणि मध्येच…

टक. टक.

कुणीतरी वॉकीटॉकीचं बटण दोनदा दाबून सोडलं होतं. माझं बोट बटणावर नव्हतं.

असं बटण एकच माणूस दाबायचा. ग्रिशा.

पलीकडे ल्युबाचं इंजिन बंद झालं. तिचा श्वास ऐकू आला. मग अगदी लहान आवाजात, लहानपणी म्हणायची तसं, "पप्पा?"

हुंफ्फ…

डोंगराने उसासा टाकावा तसा आवाज. त्यानंतर गडगडाट. खिडकीची तावदानं थरथरली.

मग काहीच नाही.

मी ओरडत राहिले. ल्युबा, ल्युबा, ल्युबा. नुसती खरखर. त्या वेळात मी देवाला काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"आजी." शेवटी तिचा आवाज आला. "आहोत. दोघंही आहोत."

तिच्या गाडीच्या नाकासमोर बर्फ तुटला होता. तिचं बटण दाबलेलं असूनही ती टकटक तिला ऐकू आली होती. नीट कान द्यायला म्हणून तिने इंजिन बंद केलं आणि जागीच थांबली. नाहीतर उताराच्या मधोमध असती. पाळणा तळापर्यंत रिकामा झाला. तो मागही त्याच्याबरोबर गेला.

दोघं परत आली तेव्हा मी फाटकाशी बीकन धरून उभी होते. ल्युबा, पिप. ट्रेवर, पिप. दात वाजत होते त्याचे, बोर्श्तचं नावही काढलं नाही.

तिसरा पिप आला नाही.

ल्युबा गळ्यात पडून रडली. "आजी, पप्पांनी वाचवलं मला." आमच्यात गेलेल्या माणसासाठी मांडतात तसं तिने टेबलावर बापासाठी पाव, मीठ, पाणी मांडलं. शेजारपाजारचे जमले, स्तोत्रं गायली. जो तो म्हणाला, बाप असावा तर असा.

मी मान डोलावली. तोंड उघडलं नाही.

कारण ती टकटक तिला नुसती पप्पांची म्हणून आठवते. तिचा अर्थ काय, हे तेव्हा तिला कळायचं वय नव्हतं. मला ठाऊक आहे.

धोक्याच्या उतारावर दोघांनी एकदम जायचं नसतं. आधी ग्रिशा पलीकडे जायचा आणि तिथून मागच्याला बटण दाबून सांगायचा. एक टक म्हणजे थांब.

दोन टक म्हणजे… ये.

ती ऐकायला थांबली म्हणून वाचली. त्याने तर बोलावलं होतं.

यंदाचा मे लागला तशी ल्युबा म्हणायला लागली, पाळण्याच्या कडेला जाऊन पप्पांसाठी पाव ठेवून येते. परवा पहाटे मी टाच मारली. रुतली. घरात येऊन गाडीची किल्ली पिठाच्या डब्यात पुरली आणि वॉकीटॉकी हातात घेतली.

"ग्रिशा, तुझी आई बोलतेय. पोरीला हात लावलास तर याद राख. एकटं वाटत असेल तर मला बोलाव. मी येते."

खरखर.

पागोळ्या थांबल्या…

टक.

मी दुसरीची वाट पाहत बसले. आली नाही.

मागे जिन्यावर ल्युबा उभी होती. चेहरा पांढराफटक. "आजी, पप्पाच ना? काय म्हणाले?"

"थांब म्हणाला," मी म्हटलं. "तुला."

तेवढ्यापुरती ती थांबलीय. पाव माझ्या टेबलावर वाळतोय. पण ते 'थांब' तिला होतं की मला, कोण सांगणार? वॉकीटॉकीतले सेल काढून मी चुलीशेजारी ठेवलेत, तरी तिथून जाताना पाय आपोआप हळू पडतात. सारखं वाटतं, तो अजून बटणावर बोट ठेवून बसलाय.

आणि ती टक एकटीच होती, की दोनातली पहिली?