न मोजलेला हात

हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. ऐकीव नाही. खरं मानायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

गुरुवार होता. दुपारचे चार. भुताखेतांची वेळ नव्हेच ती.

विद्यापीठाच्या सभागृहात बैठक होती, पुढच्या वीस वर्षांच्या आराखड्याची. कशाला आधी जागा द्यायची, कशाला नंतर, हे ठरणार होतं. मी तिथला लेखनिक. हात मोजायचे आणि इतिवृत्त लिहायचं, एवढंच माझं काम.

खालच्या मजल्यावर माझ्या ताईचं बीजघर होतं. जुन्या वाणांचं बियाणं, चारशे लाकडी खण. तीस वर्षं तिने ते पोटच्या पोरासारखं जपलं.

त्या बैठकीच्या सहा महिने आधी ती गेली. आराखडा करणारे नियोजन विभागाचे सर तिचेच विद्यार्थी. तिच्या उशाशी बसून म्हणाले होते, "बाई, आराखड्यात पहिलं नाव बीजघराचं. माझा शब्द."

ताई मला म्हणाली, "तू लिहून ठेव हं."

मी लिहिलं. पहिलं पान मीच टाइप केलं.

बैठकीत ते पान उघडलं... आणि बीजघर नव्हतंच.

त्या जागी पाहुण्यांसाठी स्वागतकक्ष. कोणीतरी पान बदललं होतं. मी सरांकडे पाहिलं. ते शांतपणे पाणी पीत होते. केसाने गळा कापला होता माणसाने.

"विरोधात कोणी?" कुलगुरूंनी विचारलं.

नऊ सदस्य. एकाचाही हात हलला नाही.

आणि मग...

टेबलाच्या टोकाला, रिकाम्या खुर्चीमागून एक हात वर आला.

पांढऱ्या एप्रनची बाही. तर्जनीचं नख काळं. ताईचं ते बोट खणात चिमटलं होतं, तेव्हा मी शेजारीच उभा होतो.

मी बाकीच्यांकडे पाहिलं. कोणी तिकडे बघतही नव्हतं.

सर माझ्याकडे वाकले. "एकमताने मंजूर, असं लिहा. तुम्हाला नोकरीत कायम करायचं पत्र माझ्याच टेबलावर आहे."

मी लिहिलं. एकमताने.

तेवढ्यात खालून आवाज आला... खट्.

खण मिटल्याचा. मग दुसरा. मग एकामागून एक, सगळेच.

मी खाली धावलो. कुलूप जसंच्या तसं. आत चारशे खण बंद... आणि एकातही दाणा नव्हता.

पुढच्या बैठकीत रीतीप्रमाणे मागचं इतिवृत्त वाचलं.

"कोणाची हरकत?"

मी त्या खुर्चीकडे बघत राहिलो. या वेळी मोजला असता, अगदी शपथेवर सांगतो.

हात वर आला नाही.

आता खाली स्वागतकक्ष आहे. सोफे आहेत. खणांची कपाटं केव्हाच भंगारात गेली. तरी दर गुरुवारी चारला तो आवाज यायचा. मी स्वतःची समजूत घालायचो, दगा सरांनी दिला, ताई त्यांच्यावर रागावलीय.

गेल्या वर्षी सर दुसऱ्या विद्यापीठात गेले. वाटलं, तिचा राग त्यांच्यामागे गेला, मी सुटलो.

गुरुवारी चार वाजले. मी टेबलाशी बसलो होतो.

खट्...