पद्माकररावांचे व्हॉइस मेसेज

त्या माणसाशी मी पहिल्यांदा बोलले ती भांडायलाच.

दिल्लीतल्या सरोजिनी नगरचा दुधाचा बूथ, ऑगस्टमधली उकाड्याची सकाळ. रांगेतल्या पुढच्या बाईला मी आदल्या रात्रीचा भाग सांगत होते. टीव्हीवरचा तो प्रश्नांचा कार्यक्रम हो, माझी नात जन्मायच्या आधीपासून चाललाय तो! म्हटलं, "वो लड़का बुद्धू था. जवाब आता था, फिर भी खेल छोड़कर उठ गया."

मागून आवाज आला, "उसे जवाब नहीं आता था, बहनजी."

माठातल्या पाण्यासारखा गार, खोल आवाज. मी वळले. गळ्याशी रुमाल, हातात कापडी पिशवी, आणि हिंदी बोलायची ढब अगदी आपल्याकडची.

"तुम्हाला काय ठाऊक?" मी सरळ मराठीत विचारलं.

ते चपापले, मग हसले. "त्याने चारही पर्याय तीन-तीनदा म्हणून बघितले. येत असतं तर…"

"पर्याय काय बघता? माणूस बघा! दुसरा पर्याय आल्याबरोबर त्याने ओठ आवळले. येत होतं त्याला. समोर बसलेल्या बापाला घाबरला."

"बरोबर पर्याय दुसराच होता," ते हळूच म्हणाले. "तुम्हाला उत्तर माहीत होतं?"

"मला कशाला माहीत असायला हवं? उत्तरं तुमच्यासारख्यांनी पाठ करावीत. मला माणसं कळतात."

"माताजी, आगे बढ़िए!" बूथवाला ओरडला, तेव्हा कुठे आम्ही दोघं हललो.

पद्माकरराव त्यांचं नाव. कुठल्याशा मंत्रालयात अनुवादक होते, आता निवृत्त. बायको जाऊन आठ वर्षं झालेली. मुलगा मानस पुण्यात कॉम्प्युटरच्या ऑफिसात. हे एकटेच मागच्या गल्लीत भाड्याने राहत होते. आमच्या सरकारी क्वार्टर्समधल्या मराठी मंडळींचा मोबाइलवर त्या कार्यक्रमाच्या गप्पा मारायचा एक ग्रुप होता, शुभदा त्याची सर्वेसर्वा. त्यात त्यांनी मला घ्यायला लावलं.

आता माझं एक सांगते. मी तिसरीपर्यंत शिकलेली. आपली अक्षरं लावत लावत वाचते. पण ही शिकलेली मंडळी मोबाइलवर मराठी लिहितात ती इंग्रजी अक्षरांत. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. घराबाहेर हे कोणाला ठाऊक नव्हतं, आणि कळू द्यायची माझी तयारीही नव्हती. म्हणून मी आपली बोलूनच पाठवायचे. ग्रुपमध्ये बोलून पाठवणारे आम्ही दोघंच – मी आणि पद्माकरराव. मला वाटायचं, बुवाला स्वतःचा आवाज भारी आवडतो.

नऊ वाजता कार्यक्रम सुरू झाला, की पहिल्या जाहिरातीला त्यांचा मेसेज यायचाच.

"कुमुदजी, आजची ही कानपूरची बाई… उठणार की खेळणार?"

"खेळणार. आणि हरणार. सासरच्यांना दाखवून द्यायला आलीय ती."

ती खेळायची. हरायची.

"तुम्ही भयंकर आहात," ते म्हणायचे.

"आणि मागे कुकर वाजतोय तुमचा, किती शिट्ट्या झाल्या? वरण लागेल खाली."

मग पुढच्या मेसेजात धापा. "वाचलं… आभारी आहे."

सगळा ग्रुप मला ताई म्हणायचा. हा एकच माणूस कुमुदजी म्हणायचा. ते माझ्या लक्षात आलं होतं. लक्षात ठेवायचं नाही, असंही मी ठरवलं होतं… पण वेणी घालताना फोन उशीपाशी ठेवून मी ते मेसेज पुन्हा ऐकायचे. आणि माझी नात रुचिता दारातून म्हणायची, "आजी, हा तर तू ऐकलाय ना ऑलरेडी?"

"कमी ऐकू येतं मला."

"बिलकुल कमी नाही येत!" म्हणून ती हसत पळायची.

नोव्हेंबरात एकदा बूथवर ते म्हणाले, "मानस कायमचा पुण्याला बोलावतोय. त्याला सांगितलंय, टीव्हीवरचा हा सीझन संपू दे."

"मग जाणार?"

"थांबायला काही कारण…" एवढं बोलून ते माझ्याकडे बघत राहिले. मी पिशवीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

डिसेंबरात शुभदाने फर्मान काढलं. ऑफिसात बसून लोकांना मेसेज ऐकता येत नाहीत, उद्यापासून सगळ्यांनी लिहायचं, बोलणं बंद. रुचिताने मला ते वाचून दाखवलं.

"मला त्या ग्रुपातून काढ," मी म्हटलं. "कंटाळा आला. तेच ते प्रश्न."

"आजी, तू झूठ बोलतेयस."

"तू आपला अभ्यास कर."

चार दिवस मी टीव्ही लावू दिला नाही. पाचव्या संध्याकाळी रुचिता फोन घेऊन माझ्या पलंगावर येऊन बसली.

"सुन ना आजी. पद्माकर आजोबांनी पण ग्रुप सोडला. शुभदाकाकूशी भांडून! आणि मी काकूच्या फोनवर सगळं जुनं चॅट बघितलं. तू यायच्या आधी ते इतके लंबे लंबे टाइप करायचे, एकसुद्धा व्हॉइस नाही. तू आलीस, मग एकच टाइप केलाय. त्याच्यानंतर सगळे व्हॉइस!"

माझी कानशिलं तापली. म्हणजे ह्या माणसाला कळलं होतं. चार महिने हा माझ्यावर दया करत होता!

"आणि रविवारी त्यांची ट्रेन आहे," रुचिता हळू आवाजात म्हणाली. "पुण्याची."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी क्वार्टर्समागच्या बागेत गेले. कोवळं ऊन पडलेलं. पद्माकरराव बाकावर संत्रं सोलत बसले होते, एकेक पांढरी शीर काढत.

मी बसले नाही. "मला तुमचं ते इंग्रजी अक्षरांतलं मराठी वाचता येत नाही, हे तुम्हाला कधी कळलं?"

ते गडबडले नाहीत. "दुसऱ्याच दिवशी. मोठा मेसेज लिहिला होता, खास तुमच्यासाठी. शेवटी एक प्रश्न होता. तुम्ही नुसता अंगठा पाठवलात."

"आणि कीव आली तुम्हाला."

"कीव?" ते उठूनच उभे राहिले. साली खाली पडल्या. "कुमुदजी, तीस वर्षं मी फायलींची भाषांतरं केली. आठ वर्षं घरात कोणी बोललेलं नाही माझ्याशी. लिहिलं असतं, तर तुम्ही रोज अंगठाच पाठवला असता. मी बोललो, तर तुम्ही बोलणार होता. मला तुमचा आवाज ऐकायचा होता… शुद्ध स्वार्थ होता तो."

"टोमणे मारते मी."

"रोज फार तर तीन-चार. पुरायचे नाहीत."

मी बसले. पाय दुखत होते, दुसरं काय. त्यांनी अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं. बोटं लागली… आणि लागलेली राहिली जरा वेळ.

"काय विचारलं होतं?"

"कशात?"

"त्या मेसेजात."

ते खाली बघत म्हणाले, "सकाळी बूथवर किती वाजता येता, म्हणून."

साठी उलटलेल्या बाईला असलं हसू येऊ नये. आलं.

"रविवारी चाललात म्हणे."

"मानसने तिकीट काढलंय."

माझा नवरा गेला त्याला बारा वर्षं झाली. मी मुलाचा संसार उभा केला, सून आणली, नात वाढवली. कोणाकडे काही मागितलं नाही. मागायची सवयच नाही जिभेला. संत्र्याची एक फोड संपवली, दुसरी संपवली.

"जाऊ नका," मी म्हटलं.

"का?"

"कारण-बिरण विचारू नका. मी मागतेय. जन्मात पहिल्यांदा."

पद्माकररावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग खिशातून फोन काढला. "मानस… अरे, ते तिकीट रद्द कर. नाही, तब्येत ठणठणीत आहे. कारण?" त्यांचे कान लाल झाले. फोनवर हात ठेवून ते कुजबुजले, "कारण विचारतोय. काय सांगू?"

मी फोन हातातून काढूनच घेतला.

"हे बघ बाळा, तुझे बाबा पुण्याला येतील, पण चार दिवस सुट्टीला. आणि मला घेऊन."

बोलून गेले आणि फोन कानाला घट्ट धरला.

"कुमुदजी?" तो म्हणाला.

"माझं नाव तुला कसं ठाऊक?"

"आवाज ओळखला!" तो खो-खो हसायला लागला. "चार महिने बाबा मला रोज तुमचे मेसेज ऐकवतायत."

मी पद्माकररावांकडे बघितलं. ते खाली वाकून संत्र्याच्या साली गोळा करण्यात अगदी गुंतून गेले होते.