अर्धा किलो ज्वारी

डॉक्टरांनी बाबांचा गहू बंद केला आणि आमच्या मालवणी घरात पहिल्यांदाच ज्वारी आली. दोन किलो डब्यात भरून मी मुलुंडच्या गिरणीत गेले. गिरणीवाल्या मधुकरकाकांनी नुकताच कुणाचातरी गहू दळला होता. ते माझा डबा ओतणार, एवढ्यात मागून एक हात पुढे आला.

"थांबा काका, आधी माझी टाका. आत राहिलेला गहू माझ्या पिठात येऊ दे... यांच्या बाबांना चालत नाही."

मी वळून पाहिलं. चष्म्यावर पिठाचा थर. मघाशी मी आईशी फोनवर ओरडून बोलत होते, ते याने सगळं ऐकलं होतं तर!

"आणि एकदम दोन किलो दळू नका," तो म्हणाला. "पीठ जुनं झालं की भाकरी थापताना तुटते. थोडं थोडं न्या."

आम्ही भात-मासेवाले, आम्हाला कुठलं हे ठाऊक! मी सल्ला जरा जास्तच मनावर घेतला. दर रविवारी सकाळी, तो यायच्या वेळेला, अर्धा किलो.

"अर्धा किलो? पाखरांना घालतेस काय गं?" मधुकरकाका विचारायचे.

त्याचं नाव अनय, गाव बार्शी. एका शब्दकोशाच्या कामासाठी तो वर्षभर मुलुंडला आला होता. पावसाळा सरेपर्यंत आम्ही अरे-तुरेवर आलो आणि दिवाळीपर्यंत तो मला आवडायला लागला. पण मार्चअखेर त्याचं काम संपणार होतं, आणि हा पठ्ठ्या शब्दांपलीकडे एक अक्षर बोलत नव्हता. गेला असता तसाच, आणि मी बसले असते भाकऱ्या थापत.

शेवटच्या रविवारी मीच तोंड उघडलं. "इतके शब्द खणतोस... ज्वारी म्हणजे काय रे?"

तो खुलला. "मूळ शब्द यवाकार असावा. यव म्हणजे जव. जवासारखी दिसणारी, ती ज्वारी. जोंधळाही यवनालातून आला म्हणतात. तिथेही जवच."

"म्हणजे तिला स्वतःचं नावच नाही?"

"नाही ना. लोकांना जव आधीपासून माहीत. ही दिसली, तर त्याच्याच नावाने ओळखायला लागले."

"माझं तसलं चालणार नाही हं!" मी फणकारले. "मी लग्नानंतरही श्रुतिका परुळेकरच राहणार. तुझ्या आईला आत्ताच सांगून ठेव."

नेमकं तेव्हाच दळण संपलं आणि मधुकरकाकांनी गिरणी बंद केली. शेवटचं वाक्य सगळ्या रांगेने ऐकलं. माझे कान तापले.

अनयने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "सांगतो... पण — आधी मी विचारायचं होतं ना?"

"मग विचार की! उद्या निघालास ना?"

पुढच्या बाईंचा डबा मधुकरकाकांच्या हातात तसाच होता. अनयने विचारेपर्यंत त्यांनी गिरणी पुन्हा चालू केली नाही.