खेळायला कोणीतरी

ही गोष्ट खरी आहे. नवरा म्हणतो, लिहू नकोस, घरातलं घरात राहू दे. पण घरातल्याच माणसांनी केलं, म्हणून तर लिहितेय.

तेव्हा माझी मुलगी नुकती रांगायला लागली होती. सगळे तिला ठमी म्हणायचे. आमची भाड्याची खोली अगदीच लहान होती, तेव्हा माझ्या थोरल्या जाऊबाईंनी आपणहून त्यांचा रिकामा फ्लॅट देऊ केला. दुसऱ्या मजल्यावरचा, भरपूर उजेडाचा.

"घरात मूल हवं गं," त्या म्हणाल्या होत्या. "कुलूप लावलेलं घर बघवत नाही मला."

त्यांना मूल नव्हतं, एवढंच मला माहीत होतं. ठमीवर फार जीव त्यांचा. मी त्यांना ताई म्हणायचे, आणि तसंच मानायचे.

बाळंतपणाआधी मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होते. घरच्या घरी मुलांना काय काय होतं, ते डोळ्यांनी पाहिलेलं. त्यामुळे राहायला गेल्या गेल्या मी खालचे सगळे प्लग बंद केले, टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज चिकटवला, औषधं माळ्यावर टाकली. आणि बाथरूममधली बादली कायम रिकामी. उपडी.

वीतभर पाण्यातसुद्धा रांगतं मूल बुडतं. आवाजही होत नाही.

बाथरूमच्या दाराला बाहेरून, अगदी वर, एक कडी होती. टाचा उंचावल्याशिवाय माझाही हात पोचायचा नाही. मला वाटलं, कोणीतरी शहाण्या माणसाने लावलीय.

पहिल्यांदा झालं ते भर दुपारी.

ठमी झोपली होती. मी कपड्यांच्या घड्या घालत बसले होते.

आणि...

पाण्याचा आवाज आला. बादलीत बारीक धार पडावी तसा.

कडी काढून आत गेले. नळ बंद होता. बादली सुलटी होती... काठोकाठ भरलेली.

संध्याकाळी नवरा गोदामातून आल्यावर त्याला सांगितलं.

"तूच भरून विसरली असशील," तो म्हणाला. "झोप कुठे होतेय तुझी."

"बादली भरून विसरेन? मी?"

तो खाली बघून जेवत राहिला. त्याने मान वर केली नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मग ते अधूनमधून होतच राहिलं. नेहमी दुपारी. नेहमी मी एकटी असताना. शेवटी वैतागून मी बादली बाल्कनीत नेऊन ठेवली आणि बाल्कनीचं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बाथरूममध्ये होती.

भरलेली.

त्यानंतर ठमीला त्या दाराचं वेड लागलं. सोडलं की तिकडेच. दाराखालच्या फटीपाशी पालथी पडायची आणि खिदळायची. एकदा तिने आपली प्लॅस्टिकची चकती फटीतून आत सरकवली.

आत कोणीच नव्हतं. कडी वर लावलेली होती, मी बघितलं.

थोड्या वेळाने चकती परत बाहेर आली...

ओली.

ठमीला उचललं आणि ताईंना फोन लावला.

"ताई, या घरात काही झालंय का?"



हळूच विचारलं त्यांनी, "ठमी हसते का गं तेव्हा?"

"हो. हसते."

"मग हसू दे की." आणि फोन ठेवून दिला.

मी निघूनच जाणार होते. कपडेही भरायला घेतले होते. पण नवरा म्हणाला, रविवारपर्यंत थांब, काहीतरी बघतो. मी थांबले.

शनिवारी दुपारी दूध तापत ठेवलं होतं. ठमी समोर चटईवर, माझ्या नजरेसमोर, बडबडत होती. दूध वर आलं म्हणून गॅस बंद करायला मी वळले. तेवढंच.

बडबड थांबली.

मूल गप्प झालं की काहीतरी बिनसलेलं असतं. ज्यांना मुलं आहेत त्यांना कळेल.

चटई रिकामी होती.

आणि बाथरूमचं दार... उघडं.

ठमी बादलीला धरून चवड्यांवर उभी होती. तोंड पाण्याला टेकायला आलेलं. ती हसत होती. तिच्या फ्रॉकचा गळा चुरगळून गोळा झाला होता, कोणीतरी इवल्या मुठीत घट्ट धरावा तसा. आणि तो खाली ओढला जात होता.

मी तिला कमरेला धरून खेचलं.

ती आली नाही.

पुन्हा खेचलं, तेव्हा एकदम सुटली. बादलीतलं पाणी कितीतरी वेळ हलत राहिलं.

अनवाणीच खाली पळाले. तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकू राहायच्या. त्यांनी ठमीच्या फ्रॉकचा ओला गळा पाहिला आणि मशीन थांबवलं.

"बाथरूममध्ये ना?"

मी मान हलवली.

"म्हणजे जाऊबाईंनी सांगितलं नाही तुम्हाला? त्यांचा मुलगा, रांगतच गेला होता. भरलेल्या बादलीत बुडाला. ती वरची कडी मग लावली त्यांनी." काकू माझ्याकडे बघत राहिल्या. "अहो, तुमच्या मिस्टरांनीच तर त्याला उचलून खाली आणलं होतं. तेव्हा लग्न व्हायचं होतं तुमचं."

तिथूनच मी ताईंना फोन केला. या वेळी त्या रडत होत्या.

"एकटाच असतो गं तो. वाटलं, खेळायला कोणीतरी मिळेल."

"आणि माझी ठमी, ताई?"

"तू नर्स आहेस ना. तुझं लक्ष असेल असं वाटलं."

नवरा संध्याकाळी काकूंकडेच आला. सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाला, "सांगितलं असतं तर आली असतीस का तू?"

त्या घरात मी परत पाऊल ठेवलं नाही. सामान त्यानेच आणलं. आता आम्ही दुसरीकडे राहतो. ठमी शाळेत जाते. नवऱ्याशी मी गरजेपुरतं बोलते.

गेल्या महिन्यात काकूंचा फोन आला. त्या फ्लॅटमध्ये नवीन जोडपं आलंय. पदरात लहान बाळ आहे.

मी नंबर मागून घेतला आणि त्या बाईला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

मग अगदी मायेने म्हणाली, "तुमचा फोन येईल असं ताईंनी सांगितलं होतं. बाळंतपणानंतर तुमच्या मनावर परिणाम झाला म्हणे. चावी द्यायला तुमचे मिस्टरही आले होते, तेही तेच म्हणाले. आता बरं वाटतं ना तुम्हाला?"

मागे कुठेतरी तिचं बाळ खिदळत होतं.

"बाळ कुठे आहे आत्ता?" मी विचारलं.

"इथेच कुठेतरी असेल. खेळतोय," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

तेव्हापासून लावतेय...

तो नंबर लागत नाही.