नत्थुजींची प्रोसेस

हे खरं घडलेलं आहे. विश्वास बसत नसेल तर इथंच थांबा. मला कुणाशी वाद घालायचा नाही.

१४ मे २०२४, मंगळवार. दुपारचे दोन. अमरावतीत बडनेरा रोडवर, तिसऱ्या मजल्यावरचं आमचं ऑफिस. बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.

मी देवानंद. अमरावती-अकोल्याच्या काही रक्तपेढ्यांची मागणी आमच्या सर्व्हरवर यायची. पिशवी एक आणि मागणारे दोन असले, तर ती कुणाला हे तिथंच ठरायचं. काम करायला चार प्रोसेस, म्हणजे सतत चालू असणारे चार प्रोग्राम होते. वर लोड बॅलन्सर, म्हणजे आमचा मुकादम. ज्याच्या हातात काम कमी, त्याच्याकडे तो पुढची मागणी ढकलायचा.

ऑफिसात एक जुनी पद्धत होती. प्रोसेसला तिला सांभाळणाऱ्या माणसाचं नाव द्यायचं. प्राजक्ता, अश्विन, देवानंद, नत्थुजी.

ज्याचं नाव, त्याची जबाबदारी.

नत्थुजी सगळ्यांत जुने. प्रोसेस बंद करायची असली की आधी तिला नवं काम देणं थांबवायचे. मग हातातली मागणी पूर्ण होईपर्यंत खुर्चीत बसून राहायचे. या संथपणाने माझं डोकं फिरायचं.

जानेवारीत ते जेवायला गेले असताना त्यांची प्रोसेस अडकली. मी काही न बघता ती मारली, म्हणजे जबरदस्तीने बंद केली. तिच्या हातात वरूडच्या एका पेशंटची मागणी होती. ती पुसली गेली.

पेशंट वाचला नाही.

नोंदीत नाव कुणाचं? नत्थुजींचं.

मी तोंड उघडलं नाही. त्यांना कामावरून काढलं. मार्चमध्ये अकोल्याला, राहत्या घरी ते वारले. त्यांची प्रोसेस मी माझ्या हाताने यादीतून काढून टाकली.

तर त्या दुपारी...

सर्व्हरच्या पंख्यांची घरघर अचानक बसली. वाटलं, लाईट गेली. पण स्क्रीन चालू होती. प्राजक्ता शून्य. अश्विन शून्य. देवानंद शून्य. कुणाच्याच हातात काम नाही.

आणि खाली चौथी ओळ...

नत्थुजी.

सगळ्या मागण्या एकट्या त्याच ओळीत जात होत्या.

तेवढ्यात फोन वाजला. अकोल्याहून शुभम, माझ्या बहिणीचा नवरा. रागिणी सकाळीच बाळंत झाली होती.

"दादा, पोरगी बरी हाय. पन रागिणीचं रक्त थांबून नाही राह्यलं. पेढीत तिच्या गटाची एकच पिशवी हाय. दुसऱ्या दवाखान्यानंबी मागतली. सर्व्हर सांगन त्याले देऊ म्हन्तात. काहून सांगून नाही राह्यला तुमचा सर्व्हर?"

मी शोधलं. रागिणीची मागणी नत्थुजींच्या हातात अडकली होती.

माझं बोट की-बोर्डवर गेलं. शेजारच्या प्राजक्ताने मनगट धरलं.

"थांब! मारशीन तं तिची मागणी पुसल्या जाईन. पिशवी दुसऱ्याले जाईन."

मग मी नत्थुजींसारखंच केलं. मुकादमाला नवं काम थांबवायला सांगितलं. त्याने ऐकलं नाही.

पाच मिनिटं गेली. दहा गेली.

पंखे आता पूर्ण गप्प. त्या शांततेत माझ्या मागची रिकामी खुर्ची कुरकुरली... कुणीतरी आरामात रेलून बसावं तशी.

नोंदींमध्ये एक ओळ उमटली. आमच्या नोंदी इंग्रजीत असतात. ही मराठीत होती.

"घाई कायची हाय?"

शुभमचा पुन्हा फोन. तो रडत होता. "दादा, रागिणी डोये नाही उघडून राह्यली."

दुसरी ओळ...

"जानेवारीत कोनं मारली?"

मी खुर्चीतून उठलो आणि किंचाळलो, "मी! मी मारली, नत्थुजी! तिचा काय दोष? तिला सोडा!"

प्राजक्ता दोन पावलं मागं सरकली. ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होती, ती मी विसरणार नाही.

पंखे धडाडून सुरू झाले. पिशवी सुटली.

रागिणी वाचली. प्राजक्ताने साहेबांना सगळं सांगितलं. माझी नोकरी गेली. तिनं केलं ते बरोबरच केलं.

मला वाटलं, फिटलं.

सहा दिवसांनी रागिणीला घरी न्यायला मी अकोल्याच्या दवाखान्यात गेलो. काउंटरवरच्या मुलीने कागद दिले आणि स्क्रीनकडे बघत कपाळाला आठ्या घातल्या.

"रागिणीताईचं झालं. तुमचं थांबून हाय."

"माझं काय?"

"देवानंद, वय चौतीस. दोन पिशव्या रक्त पाहिजे म्हून मागणी हाय. तारीख नाही टाकली. हे नत्थुजी कोन होय? त्याइच्यापाशी हाय तुमचं काम."

मला काहीही झालेलं नाही. साधं खरचटलेलंही नाही. तेव्हापासून मी गाडी चालवत नाही, जिना उतरताना कठडा सोडत नाही.

काल मी प्राजक्ताला फोन केला. ती नोंद काढून टाक म्हणून हातापाया पडलो.

ती म्हणाली, "काढता येते. पन त्यासाठी त्याइची प्रोसेस मारा लागते. तिच्या हातात आता तुझंच काम हाय, देवानंद. मारू?"