लेखनिकाची चौथी अट

जागृती त्या दिवशी डोंबिवलीला गेली ती फक्त डबा पोचवायला. परत आली तेव्हा बोटांना शाई होती आणि डोक्यात इंग्लंडचं सतरावं शतक.

डबा होता हौसाआत्याचा. आत्या तिथल्या एका कॉलेजात शिपाई. तीस वर्षं तिने घंटा वाजवलेली, त्यामुळे प्राचार्यसुद्धा तिच्याशी जरा जपूनच बोलायचे. कोलशेतहून भावाच्या घरचं कोलंबीचं कालवण आलं की आत्याचा दिवस सोन्याचा. पण नोव्हेंबरातल्या त्या सकाळी तिने डब्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. भाचीचं मनगटच धरलं.

"बरी आलीस गो बाय! तुजा अक्षर मोत्यासारका हाय ना? चल, लिवायला बस."

"काय लिहू? अगं आत्या, मला क्लासला जायचंय!"

"तो बग, तो पोऱ्या. त्याचा लिवनारा आजारी परला. पोराचा वरीस फुकट जाईल."

वर्गाबाहेरच्या बाकावर निळ्या शर्टातला एक मुलगा ताठ बसला होता. घडीची पांढरी काठी मांडीवर, ओठ घट्ट मिटलेले. हा साकेत. शहाडचा. एम. ए. इंग्रजीचं पहिलं वर्ष. त्याची नजर लहानपणीच गेलेली, त्यामुळे परीक्षेत उत्तरं तो सांगायचा आणि लेखनिक लिहायचा. पेपर सुरू व्हायला वीस मिनिटं उरली होती.

"तुम्ही इंग्रजी साहित्य शिकलायत?" त्याने आवाजाच्या दिशेने मान वळवून विचारलं.

"नाही हो. बी. कॉम., थर्ड इयर."

"वा! एकदम परफेक्ट. लेखनिकाला विषयातलं काही कळता कामा नये, अशी अटच आहे."

"मग माझ्याहून लायक माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात मिळायचा नाही," जागृती म्हणाली, आणि त्याच्या मिटलेल्या ओठांच्या कोपऱ्यात हसू फुटलं... ते तिने पाहिलं. क्लास राहिला बाजूला.

पर्यवेक्षक गुरुदत्त सरांनी फॉर्म पुढे केला आणि अटी वाचून दाखवल्या. पहिली, लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी हवं. दुसरी, विषय वेगळा हवा. तिसरी, परीक्षार्थी सांगेल ते जसंच्या तसं लिहायचं, पदरचा एक शब्द घालायचा नाही.

"आणि चौथी. लेखनिक परीक्षार्थीचा नातेवाईक नसावा. नातं आहे का काही?"

"छे!" दोघं एकदमच म्हणाले. जरा जास्तच जोरात.

पेपर होता प्युरिटन आणि निओक्लासिकल काळाचा. एका छोट्या खोलीत तो सांगत गेला, ती लिहीत गेली. प्युरिटनांनी, म्हणजे तिथल्या कर्मठ धर्मनिष्ठांनी, लंडनमधली नाटकं बंद पाडली, अठरा वर्षं रंगमंचाला कुलूप. चैन पाप, नटणं पाप, सगळा हिशोब देवाघरी. जागृतीला वाटलं, हे सगळं आपल्या ओळखीचं आहे. तिच्या बाबांनी इंग्लंड पाहिलं नव्हतं एवढंच.

तासाभराने तो मध्येच थांबला. खिडकीतून वारा आला होता. तो हळूच पुटपुटला, "लिंबाचा वास येतोय... बरं वाटतंय."

जागृतीने तेही लिहिलं. इंग्रजी उत्तराच्या ऐन मध्यावर, झोकदार देवनागरीत.

फेरी मारणारे गुरुदत्त सर वाकून बघू लागले आणि त्यांचा चष्मा नाकावर घसरला. "हे काय? प्युरिटनांच्या उत्तरात लिंबू?"

"सर, तुम्हीच म्हणालात ना, जसंच्या तसं लिहायचं."

साकेतला आधी काही कळेना. कळलं तेव्हा त्याला हसू आवरेना. शेवटी सरही हसले, आणि लिंबावर एक आडवी रेघ मारली गेली.

पेपर सुटल्यावर जागृतीचा चेहरा लाल झाला होता. ते त्याला दिसणार नव्हतं, पण आवाजातून कळलंच. "सॉरी हां. सकाळी कोलंबी सोललेली. हाताचा वास जावा म्हणून लिंबू चोळलेलं."

"मग मी कोलंबीचा आभारी आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "बाकीच्या तीन पेपरांना याल? कोलंबी नसली तरी चालेल."

ती आली. तिन्ही पेपरांना आली. आणि तिन्ही वेळा घरून निघताना लिंबू चोळून आली. कोलंबी फक्त एकदाच होती, हे आपलं आपल्यात.

पेपर झाला की आत्या चहा आणायची आणि दोघं त्या बाकावर बसायची. त्याने तिला सांगितलं, की त्या प्युरिटन काळात एक मोठा कवी होता, ऐन चाळिशीत आंधळा झालेला. कविता तोंडाने सांगायचा, दुसरे लिहून घ्यायचे. त्याच्या मुली त्याला परक्या भाषांतली पुस्तकं वाचून दाखवायच्या म्हणे, स्वतःला त्यातलं अक्षर न कळता.

"म्हणजे माझ्यासारख्याच की!"

"एक फरक आहे. त्या फार कंटाळायच्या म्हणतात."

"मी नाही कंटाळत," ती पटकन बोलून गेली. मग चहा फार गरम असल्यासारखी फुंकर मारत बसली.

"तुमच्या घरी कुठला काळ चालू आहे?" त्याने विचारलं.

"प्युरिटन. सातच्या आत घरात. तुमच्या?"

"निओक्लासिकल. सगळं मोजूनमापून, तर्काने. आई मीठसुद्धा सारासार विचार करून घालते."

"आणि त्याच्यानंतर कुठला काळ येतो?"

"रोमँटिक," साकेत म्हणाला, आणि घाईघाईने जोडलं, "म्हणजे... पुढच्या सेमिस्टरला. सिलॅबसमध्ये आहे."

परीक्षा संपली तरी बोलणं संपलं नाही. छापील नोट्स त्याला वाचता यायच्या नाहीत, तेव्हा जागृती गच्चीत बसून त्या मोठ्याने वाचायची आणि रेकॉर्ड करून पाठवायची. खाडीवरचा वारा, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, "जागृती, दोरीवरचे कपडे काढ गो!" ही आईची हाक, सगळं त्यात यायचं. तिचे उच्चार चुकायचे, तो सुधारायचा. मग ती मुद्दाम चुकायला लागली, कारण सुधारायला त्याचा फोन यायचा. कधी "तुम्ही"चं "तू" झालं, कुणालाच कळलं नाही. ती प्रेमात पडली होती, चांगली गळ्यापर्यंत. फक्त त्याच्या मनात काय आहे, ते तिला कळत नव्हतं. तो रोज फोन करायचा, पण नोट्ससाठी की तिच्यासाठी?

एप्रिलमध्ये आत्याचा फोन आला.

"गो बाय, साकेतनी परीक्षेचा फारम भरला. लिवनारा म्हनून सूरजचा नाव टाकलाय. तो अकरावीचा पोऱ्या. तुमचा काय बिनसला?"

जागृतीच्या हातातला फोन गार पडल्यासारखा झाला. आपलं काय चुकलं? लिंबाची ती ओळ? त्या पेपरात त्याला छप्पन्न टक्के मिळाले होते. पंचावन्नाच्या खाली जायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, म्हणजे थोडक्यात वाचला होता. खोडलेली ओळ पाहून परीक्षकाने मार्क कापले असतील आणि हा भिडेपोटी बोलला नसेल. म्हणजे हवे होते ते हात, आणि आता तेही नकोसे झाले... तिने दोन दिवस रेकॉर्डिंग पाठवलं नाही. त्याचे सात फोन उचलले नाहीत. तिसऱ्या दिवशी राग दुःखापेक्षा मोठा झाला, आणि ती थेट डोंबिवली गाठून त्याच बाकासमोर उभी राहिली.

"जागृती," तिने तोंड उघडायच्या आतच तो पावलांवरून ओळखून म्हणाला. "आज लिंबू नाही?"

"लिंबानेच घात केला ना? तोंडावर सांगायचं होतंस. माझ्यामुळे मार्क गेले, दुसरा लेखनिक बघतो... मी काय रडत बसले असते?" आणि ती रडायला लागली.

साकेत गडबडून उभा राहिला. काठी खाली पडली. "अगं, मार्कांचा काय संबंध? बस ना. आधी बस." त्याने पिशवीतून फॉर्म काढून तिच्यापुढे धरला. "वाच. चौथी अट."

"पाठ आहे मला. लेखनिक परीक्षार्थीचा नातेवाईक नसावा. मग? मी कुठे तुझी..."

तिने ती ओळ पुन्हा वाचली.

"आज नाहीस, हे खरं आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "पण खाली मी सही करायची असते, की नातं नाही आणि पुढेही नसेल. मनात सगळं उलटं असताना हात चालेना. प्युरिटनांकडून मी तेवढंच घेतलं बघ, सही करताना खोटं बोलायचं नाही. तुला आधी विचारायला हवं होतं. फोन करत होतो तो त्यासाठीच. धीर जमवायला सहा फोन गेले, सातव्याला तू उचलला नाहीस."

"सातही उचलले नव्हते," जागृती नाक ओढत म्हणाली.

"म्हणून तर धीर टिकला."

"आणि सूरज? त्याला वेगात लिहिता येतं का तरी?"

"कासव बरं. अक्षर म्हणे कोंबडीने पाय फिरवल्यासारखं. मला दिसत नाही तेवढंच सुख." मग त्याचा आवाज अगदी लहान झाला. "पेपर जाईलही कदाचित. परत देता येईल. हे मात्र... तू नाही म्हणालीस तर सूरजचं नाव खोडू. तू माझी लेखनिक राहशील आणि मी पुन्हा हा विषय काढणार नाही."

आत्या दाराआडून कान देऊन ऐकत होती. घंटेची वेळ होऊन गेली होती आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच ती विसरली होती.

जागृतीने डोळे पुसले. त्याच्या पिशवीतून ब्रेलची पाटी काढली, कागद अडकवला आणि टोचणी त्याच्या हातात दिली.

"आता तू लेखनिक. मी सांगते ते जसंच्या तसं लिहायचं. पदरचा एक शब्द नाही."

"बरं." त्याने टोचणी सरसावली.

"लिही. सूरजचं नाव खोडू नये."

कागदावर टकटक सुरू झाली. मध्येच थांबली. साकेतच्या डोळ्यांच्या कडा भरून आल्या होत्या आणि तो वेड्यासारखा हसत होता.

"थांबू नकोस, अजून आहे. येत्या रविवारी कोलशेतला यावं. बाबांना स्वतः विचारावं. ते आधी चिडतील, मग जेवायला बसवतील. कोलंबी आहे."

"कोलंबीसुद्धा लिहायची?"

"सगळं लिहायचं," जागृती म्हणाली, आणि टोचणी धरलेल्या त्याच्या हातावर आपला हात ठेवला. "आणि खोडायचं काहीच नाही."