डाव्या बरगडीचं दुखणं

जुलैतल्या त्या दुपारी पाऊस काही न सांगता कोसळला आणि लोर्ना प्रूइट रस्त्याकडेच्या पीचवाल्याच्या ताडपत्रीखाली घुसली. तिथे आधीच एक जण उभा होता. केस निथळत होते, शर्ट अंगाला चिकटला होता, आणि लोर्नाने हात पुढे केला त्याच क्षणी त्याने ढिगातला सगळ्यात देखणा पीच उचलला.

"तो मी बघून ठेवला होता," लोर्ना म्हणाली.

"मग समजा की मी राखण करतोय. पाऊस थांबेपर्यंत."

"राखण करणारा खाणार नाही कशावरून?"

"तुमचा कुणावर विश्वास बसतो का हो, मिस...?"

"नाही."

तो हसला. हसताना त्याचा एकच गाल खळीने खोल जायचा, आणि त्या खळीवरूनच लोर्नाने त्याला ओळखलं. गार्नर लॅकी, शर्यतीत त्रेसष्ट नंबरची स्टॉक कार चालवणारा. ओला ट्रॅक म्हणजे सराव बंद, हे ठीक. पण इतके रस्ते सोडून हा नेमका याच रस्त्यावर, प्रूइटांच्या कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर कसा काय भिजत होता? लोर्नाने आपला पीच मागून घेतला आणि पाऊस पुरता थांबायच्या आत गाडी काढली.

तिचा संशय उगाच नव्हता. कॅरोलायनाच्या त्या भागात अर्धी घरं शर्यतीच्या गाड्यांवर चालतात. लोर्ना आणि तिचे वडील व्हर्नन गाड्यांच्या सीट बनवत. ड्रायव्हरला धातूच्या सांगाड्यात बसवायचं, त्याच्या पाठीमागे बारीक फोमच्या दाण्यांची पिशवी ठेवायची, तिच्यात रेसिनचं पातळ रसायन ओतायचं आणि ते घट्ट होईपर्यंत त्याला हलू द्यायचं नाही. मग ती सीट त्याच्या एकट्याच्या अंगाची होते, दुसऱ्या कुणाला ती बसत नाही. त्यामुळे गाडीत नवा माणूस येणार असला की तो आधी गुपचूप प्रूइटांकडे येई. हंगामाच्या मध्यावर कुणाची गच्छंती होणार हे मालकाच्या खालोखाल लोर्नाला कळे, आणि ज्याची होणार त्याला सगळ्यात शेवटी. इथे कोण बसून गेलं ते इथेच राहतं, हा व्हर्ननचा दंडक होता.

म्हणूनच लोर्नाशी सगळे गोड बोलत. एका वार्ताहराने तर वसंतभर तिला फुलं आणून दिली. ती त्याच्यावर भाळायच्या बेतात होती, तेवढ्यात त्याने अगदी सहज विचारलं, "या आठवड्यात कोण येऊन गेलं गं?" तेव्हापासून गोड बोलणारा दिसला की लोर्नाच्या कपाळाला आठी पडे.

आणि गार्नर मंगळवारी कारखान्यात हजर झाला, आपली सीट काखोटीला मारून.

"टोचतेय," तो म्हणाला.

"कुठे?"

"इथे." त्याने डाव्या बरगडीवर हात ठेवला.

लोर्नाने एकदा त्याच्या हाताकडे पाहिलं, एकदा त्याच्या तोंडाकडे. गोल ट्रॅकवर गाडी सगळी शर्यत डावीकडेच वळते, ड्रायव्हरचं अंग उजवीकडे रेटलं जातं. दुखली तर उजवी बरगडी दुखते. हा माणूस थाप मारत होता, आणि तीही इतकी कच्ची. त्या वर्षी त्याची गाडी मागेच रेंगाळत होती आणि स्पॉन्सर कुरकुरत होता. मागच्या खोलीत कोणाची सीट सुकतेय हे बघायला आला असणार, दुसरं काय? तिने कानशीने चिमूटभर फोम घासला आणि सीट परत दिली.

पुढच्या मंगळवारी तो पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही.

"अजून टोचतेय?"

"जरा सरकलीय. आता थोडी वर..."

"बरगडी सरकली की सीट?"

"तेच तुम्ही बघून सांगा ना."

"मी सीट बघते. बरगडीसाठी डॉक्टर आहेत गावात."

"ते इतकं रागावत नाहीत. मजा येत नाही."

येताना तो कधी उकडलेल्या शेंगा आणी, कधी गार प्यायचा गोड चहा. तिच्या कामाच्या टेबलाशी बसून तासभर गप्पा हाणी. लोर्ना प्रत्येक वेळी मनाशी म्हणे, आज हा कोणाची सीट ते विचारणार. तो विचारी ते भलतंच. लहानपणी ती कुठल्या झाडावरून पडली होती, तिला पोहता येतं का, ती हसू दाबताना ओठ का चावते. हळूहळू अहो-जाहो गळून पडलं. मंगळवारी सकाळी लोर्ना केस दोनदा विंचरू लागली, आणि स्वतःवरच चिडू लागली.

"त्या पोराची बरगडी सोन्याची आहे की काय?" व्हर्ननने चष्म्यावरून विचारलं.

"मला काय माहीत, डॅडी. खोटारडा आहे तो."

"असेल. पण त्याच्या चहात बर्फ घालायला तू विसरत नाहीस."

मग एका सोमवारी त्रेसष्ट नंबरचा मॅनेजर डॉइल मागच्या दाराने आला. बरोबर स्पॉन्सरचा जावई केलन होता. लोर्नाने त्याला सांगाड्यात बसवलं. "हलू नका," ती म्हणाली, आणि रेसिन ओतायला घेतलं. ज्या गाडीत गार्नरने आठ वर्षं वाट पाहून जागा मिळवली होती, तिच्यात आता हा बसणार होता. आणि तिला तोंडातून शब्द काढायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. गार्नर शेंगांची पुडी घेऊन दारात उभा.

"काय दुखतंय?" लोर्नाचा आवाज तिला स्वतःलाच कडक वाटला.

"तेच. डावी बरगडी."

रात्रभर साठलेलं सगळं तिच्या जिभेवर आलं. "गार्नर, ट्रॅक कुठल्या बाजूला वळतो?"

"डावीकडे."

"मग अंग कुठे रेटलं जातं?"

त्याचे कान लाल झाले. "उजवीकडे," तो पुटपुटला.

"थाप मारायची तर निदान धड मारावी. एवढे हेलपाटे कशाला? सरळ विचार ना, मागच्या खोलीत कोणाची सीट सुकतेय ते. त्यासाठीच येतोस ना?"

गार्नर आधी गोंधळला. मग त्याची नजर मागच्या बंद दाराकडे गेली आणि परत तिच्याकडे आली, अगदी सावकाश.

"कोणाची सुकतेय?"

लोर्नाने जीभ चावली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"माझ्या गाडीची," तो म्हणाला. विचारलं नाही, नुसतं म्हणाला.

"मी असं काही म्हटलं नाही."

"नाही. तू नाही म्हटलंस." त्याने पुडी टेबलावर ठेवली. "म्हणजे काल संध्याकाळी मी फोन केला, तू शेजारच्या बदकांची गंमत सांगत होतीस... तेव्हा तुला ठाऊक होतं."

लोर्नाने शेंगांची पुडी उगाच टेबलाच्या कडेला सरकवली.

"मी तुझ्यासाठी येत होतो, लोर्ना. सीट कुठेच टोचत नव्हती. इतकी चांगली सीट टोचते कुठे, हेच मला सुचत नव्हतं." तो दारातून वळला. "पण ते आता तुला खरं वाटायचं नाही."

नव्हतंच वाटलं. पकडला गेलेला माणूस असंच बोलणार.

त्या आठवड्यात त्याच्या हातून गाडी गेली. मालकाने फोनवरच सांगितलं म्हणे. रविवारी केलन भिंतीला घासून तिसावा आला. त्यानंतरचा मंगळवार कोरडा गेला, त्याच्या पुढचाही. काम संपलं, येणं संपलं, लोर्नाने स्वतःला बजावलं, माझंच बरोबर होतं. आणि आपलं बरोबर होतं म्हणून ती रेसिनच्या पिंपाआड बसून पोटभर रडली.

पुढच्या बुधवारी दुपारी त्याचा पिकअप दारात थांबला. धुतलेला शर्ट, हात रिकामे.

"सीट नाही माझ्याकडे," तो म्हणाला, "त्यामुळे बहाणाही नाही. शुक्रवारी नदीकाठच्या फिश कँपला तळलेले मासे खायला येशील?"

लोर्नाच्या कपाळाला आठी पडलीच. कारण त्याच सकाळी पलीकडच्या गावातल्या एका टीमचा फोन आला होता. त्यांच्या ड्रायव्हरच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. शुक्रवारी नवी सीट ओतायची होती, पण कुणासाठी हे अजून ठरलं नव्हतं. ही बातमी तिच्याशिवाय आणि डॅडींशिवाय गावात कुणाला नव्हती. मग हा आजच कसा उगवला? वास लागला का याला? पण त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं तिने पाहिली, आणि संशयाहून मोठं काहीतरी तिच्या आत हललं. जाऊ दे डॅडींचा दंडक.

"गार्नर, ऐक. एका टीमला—"

"थांब."

"तुझ्या फायद्याचं आहे. तू आज फोन केलास तर—"

"म्हणूनच थांब." त्याने दोन्ही हात खिशात घातले. "तू सांगितलंस आणि ती गाडी मला मिळाली, तर जन्मभर तुला वाटत राहील की मी आज त्यासाठीच आलो होतो. मला गाडी हवीय, लोर्ना. झोप लागत नाही इतकी हवीय. पण अशी नको."

एका जागेसाठी गुडघे टेकणारे ड्रायव्हर तिने पाहिले होते. तोंडाशी आलेली जागा परत करणारा कधी पाहिला नव्हता.

"शुक्रवारी मला काम आहे," ती म्हणाली, "उशीर होईल."

"थांबेन मी."

शुक्रवारी ती सीट तिनेच ओतली, व्हर्जिनियातून आलेल्या कुणा लाजऱ्या ड्रायव्हरसाठी. त्या हंगामात रिकामी झालेली एकमेव जागा भरली. ती बाहेर आली तेव्हा उन्हं उतरली होती आणि गार्नर पिकअपला टेकून उभा होता. त्याने तिच्या बाहीवरचं ताजं, ओलं रेसिन पाहिलं. ड्रायव्हर होता तो, ती जागा दुसऱ्याला गेली हे त्याला कुणी सांगायला नको होतं. क्षणभर त्याने डोळे मिटले. मग उघडले आणि तिच्यासाठी दार उघडलं.

"भूक लागलीय?" त्याने विचारलं. एवढंच.

लोर्नाचे डोळे भरून आले. "लागलीय," ती म्हणाली. "आणि माझं प्रेम आहे तुझ्यावर. हे आधी सांगते, जेवताना धीर व्हायचा नाही."

तो कितीतरी वेळ दार धरून तसाच उभा राहिला, आणि ती गाडीत चढून बसली तरी ते लावायचं त्याच्या लक्षातच आलं नाही.